दरीचे चित्र व रिक्षाचालक सुदेश भोईर यांच्याबाबत

मी, वासंती हरिहर गोगटे, वय ७१, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार मुरबाड रोड, कल्याण पश्चिम, समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती हरिहर व मुलगा साकेत असे राहतो. पतींना विस्मरणाचा आजार आहे.

त्यांनी तरुणपणी माळशेज घाटात बसून जलरंगात एक दरी रंगवली होती. कड्यांवरून उतरणारे धुके, खाली ओढा आणि खडकावर पाठमोरा बसलेला लहानसा माणूस. ते चित्र आमच्या हॉलमध्ये होते.

काल दुपारी मी औषधे घेऊन परतले तेव्हा पती घरात नव्हते. पलंगावर रिकामी फ्रेम पडली होती. ते सुदेश भोईर यांच्या रिक्षात बसून गेले, असे वॉचमनने सांगितले. त्यावरून, सुदेश यांनी वडिलांना पळवून नेल्याची तक्रार साकेतने पोलिसांत दिली.

संध्याकाळी सुदेश यांनीच पतींना परत आणले. ते काही सांगण्याआधी साकेतने त्यांच्या कानाखाली मारली. मी गॅलरीतून पाहिले. खाली पोहोचेपर्यंत लोक जमले होते.

सुदेश मला म्हणाले, "काकी, काकांनी चित्र दाखवलं, बोलले इथं सोड. मला वाटलं, मुरबाडकडं तुमचे कुणी पाहुणे असतील. रायते पुलापुढं डोंगर दिसला तसे उतरले. पावसात चित्र धरून डोंगराशी जुळवत बसले. परत यायला तयारच नाहीत. तुमचा नंबर नव्हता माझ्याकडं. सोडून कसा येणार?"

पतींच्या अंगात सुदेश यांचा रेनकोट होता. सुदेश पूर्ण भिजलेले होते.

आज सकाळपासून सुदेश यांना पोलीस ठाण्यात बसवून ठेवले आहे. साकेत बाहेर बाकावर आहे. "आई, मी त्याच्यासमोर कसा जाऊ?" असे तो मला म्हणाला.

चित्राचे रंग वाहून गेले आहेत. खडकावरचा माणूस आता दिसत नाही. काल मी कागद टेबलावर वाळत ठेवला तेव्हा पती शेजारी येऊन बसले व म्हणाले, "आज धुकं फार आहे. थोडं थांबू, निवळेल." मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

माझी सुदेश यांच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. त्यांना घरी जाऊ द्यावे.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'आरोपी' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावून तेथे 'सुदेश' असे लिहून घेतले. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.