चौदा हजार पावलं

केमोच्या वॉर्डाबाहेर माझ्या मागच्या बाकावर गणवेशातला एक पोस्टमन आणि त्याची बायको बसली होती.

“अहो, नर्स आत्ता म्हणाली, मंगळवारी चौदा हजार पावलं चाललात, शाब्बास! मंगळवारी मी अंथरुणातून उठलेसुद्धा नव्हते. हॉस्पिटलनं दिलेला पावलं मोजायचा पट्टा कुठे होता?”

“माझ्या हातात. तू गुंगीत होतीस. मी टपाल वाटताना घातला.”

“का हो?”

“रोज त्यावरचा एवढासा आकडा बघायचीस आणि भिंतीकडे तोंड करून पडायचीस. मला बघवेना गं.”

“आता डॉक्टरांना वाटतंय, हिला थकवाच नाही. चालणं आणखी वाढवा म्हणे. मला मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरावी लागते.”

“चुकलंच माझं. आत जाऊन सांगतो.”

“मी सांगेन. आधी पट्टा मला बांधा. त्या हाताला नको, ऑपरेशन त्या बाजूचं आहे. ह्या.”

“कुठवर जायचं?”

“त्या खिडकीपर्यंत. चाळीस पावलं झाली तर चाळीस. पण माझी.”

“हात धरू?”

“धरा. आणि सावकाश चाला, टपाल वाटायचं नाहीये.”