भट्टीवरच्या तानाजीरावांचा फोटो

माजं नाव कांचन, माहेर औंधाच्या अंगाला आनि सासर हितं सांगलीला, माधवनगरात. वडील फौजेत हुतं, वरसातनं एकदा सुट्टीवर यायचं, तवर घरात त्यांचा फोटो, भितीवर, वर्दीतला, गालाला गुलाबी रंग दिल्याला, कपाळ कसं गुळगुळीत. आई रोज दाखवायची, ह्यो बघ बाबा, ह्यो बघ बाबा. आनि एकदा वडील खरंच दारात उभं, राजस्थानच्या उन्हात काळंठिक्कर पडल्यालं, गालफडं बसल्याली, तर काय सांगू तुमाला, मी बोंब ठोकून चुलीमागं पळाले. माजा बाबा तिकडं भितीवर हाय म्हनलं. आई हसून हसून बेजार, पर वडलांच्या तोंडावरचं हसू पार गेलं. ते मला अजून दिसतं बघा.

आमच्या मालकांचा स्टुडिओ हुता, म्हंजे स्टुडिओ कसला, बारकी खोली, मागं निळा पडदा आनि म्होरं छत्रीचं दोन दिवं. ते लग्नाच्या शूटिंगला जायचं, मी घरी बसून काय करू, म्हनून कॉम्प्युटर शिकले. लग्नाचं अल्बम मीच एडिट करायची. एडिट म्हंजे काय, तर नवरी गोरी करायची, नवऱ्याच्या गालावरचं फोड पुसायचं, सासूची हनवटी जरा आत घ्यायची. लोक म्हनायचं, वैनी, जरा उजळ करा की. करायची. येवढी उजळ करायची की थोरली भन कुटली आनि धाकटी कुटली, त्यांच्या त्यांनाच कळायचं न्हाई.

मंग हरेकाच्या हातात मोबाईल आलं आनि आमच्या खोलीत कोन येईना. त्यात कुपवाडच्या एका कारखान्यातनं निरोप आला, कामगारांचं ओळखपत्राचं फोटो काढायचं हायत. मालकांचा गुडगा सुजल्याला, मी म्हनलं, मी जाती, आनि गाडीवर पायाशी दिव्याचा स्टँड आडवा धरून गेले. सगळी मंडळी तोंड धुऊन, भांग पाडून बसल्याली. शेवटाला एक जन आलं, तानाजीराव, भट्टीवर लोखंड वितळवायचं काम त्यांचं. फोटो झाला तरी मानूस हलंना. म्हनलं, काय वो दादा? तर म्हनत्यात कसं, ताई, ह्यो धुतल्याला झाला, आता एक बिनधुता काढता का? भट्टीवरनं आल्या आल्या? माज्या घरात असला एक बी न्हाई.

मी म्हनलं, काढू की, त्यात काय.

दुपारच्याला आलं ते. तोंडावर काजळी, त्यातनं घामाचं वघळ खाली आल्यालं, भिवया भाजून आर्ध्या झाल्याल्या. मी दिव्यांवरच्या छत्र्या बाजूला ठेवल्या. एकच उघडा दिवा, तोबी म्होरनं न्हाई, उजव्या खांद्याच्या वरनं तिरका, आनि डावं अंग तसंच काळोखात सोडलं. म्होरनं उजेड टाकला ना, की तोंड ताटासारखं सपाट व्हतं. बाजूनं टाकला की एकेक सुरकुती उभी राहती, नांगरल्याल्या रानात सांजच्याला ढेकळाची सावली पडती बघा, तशी. घरी येऊन एडिट करायला बसले, तर लग्नाचं सगळं उलटं केलं. रंग निम्मं उतरवलं, काळं हुतं ते अजून काळं केलं, घामाचा थेंब तेवढा चमकवला. मालक मागं येऊन उभं राहिलं. अगं, लोक सुरकुत्या घालवायला येत्यात आनि तू कोरून काढतीस व्हय? आसं म्हनलं, पर बघतच राहिलं.

तानाजीरावांच्या लेकीनं, प्रियांकानं, तो फोटो मोबाईलवर लावला आनि तितनं माजं काम फिरलं. हळदीच्या गोदामात पार पापन्यांपतूर पिवळ्या झाल्याल्या बाया आल्या, पंक्चरवालं आलं, एक रिक्षावालं आजोबा आलं, म्हनलं, बाई, माजा बी तसला खडबडीत काढा. माज्या वडलांचा आसा एखादा फोटो घरात आसता तर मी चुलीमागं पळालेच नसते, आसं मनात यायचं, आनि मी काढत जायची.

आनि मंग तानाजीराव गेलं. काय आजार न्हाई, काय न्हाई, सकाळी च्या पिता पिता छातीत कळ आली आनि बशी हातातच राहिली. तेराव्याचं दिवस झाल्यावर त्यांची बायको, शालनवैनी, आनि प्रियांका आमच्याकडं आल्या. भितीवर लावायला मोठा फोटो पायजे. लेक म्हनाली, ताई, तोच द्या, सगळ्यांना तोच आवडतो. मी कॉम्प्युटरवर फोटो उघडला. शालनवैनींनी बघितला आनि तोंड फिरवलं.

ह्ये कोन हाय? ह्ये माजं न्हवंत.

प्रियांका म्हनाली, आई, आगं पप्पाच हायत की. तर वैनी म्हनाल्या, तुजं पप्पा आसतील, कारखान्याचं आसतील. माजा मानूस परड्यातल्या मोरीवर तोंड धुतल्याबिगार कवा घरात आला न्हाई. एवढं काळं घेऊन मी त्यांना बघितलंच न्हाई कवा. आनि ह्ये आर्धंच हाय, बाकीचं आर्धं कुटं घालवलं?

लेक रडायला लागली. मागाहून वैनीच म्हनाल्या, धुऊन द्या. जसं पानी मारल्यावर दिसायचं तसं. मी त्यांना शेजारी खुर्चीवर बसवलं आनि म्हनलं, वैनी, तुमी सांगा, मी करती.

त्या बोट लावून सांगायला लागल्या. कपाळावर आठी हुती, ती राहू द्या, ती लग्नातबी हुतीच. भिवया पुऱ्या करू नका, तशाच हायत. मी म्हनलं, काजळी काडू? तर म्हनाल्या, थांबा, आधी त्यो कान दावा, डावा. कान पार अंधारात. आता कॅमेऱ्यात आसं आसतं, आपल्याला काळं दिसतं पर त्यात थोडंफार टिपल्यालं आसतं, हळूहळू उजेड चढवला की वर येतं. मी मूळचा, काळा न केल्याला फोटो घेतला आनि उजेड चढवत गेले. कान आला. गाल आला, दानेदार, भाजल्याल्या भाकरीवानी. मंग तोंडाचा डावा कोपरा आला, आनि काय सांगू तुमाला, त्यो कोपरा वर उचलल्याला हुता. ते हसत हुतं. उजव्या अंगानं मानूस दगडावानी कडक आनि डाव्या अंगानं बारीक हसतंय. मला ते कवाच दिसलं न्हवतं.

शालनवैनी उठून उभ्या राहिल्या. आलं, म्हनाल्या. आलं बघ गं प्रियांका. मला काय तरी चिडवून झालं की आसंच हसायचं, एका बाजूनं. आनि मंग कॉम्प्युटरच्या पडद्याला हात लावून जे रडल्या, तानाजीराव गेल्यापास्नं पयल्यांदाच रडल्या म्हनं. प्रियांकानं त्यांना धरलं आनि दोघी तितंच बसल्या, मी पानी आनाय गेले ते जरा वेळानंच आले.

काजळी? ती ऱ्हाऊ द्या म्हनाल्या. आता कळलं कोन हाय ते, काजळीचं काय एवढं.

लेकीला मातुर ह्यो नवा फोटो तितका रुचला न्हाई. म्हनाली, ताई, आता साधाच दिसतोय. खरं हाय तिचं, साधाच दिसतो. तिच्या मोबाईलवर अजून जुनाच हाय, आनि वैनींच्या भितीवर ह्यो. आसू दे, दोगींचंबी खरंच की.

माजं काम चालू हाय. दिवा अजून बाजूनंच लावती, ते सोडलं न्हाई. पर फोटो उघडला की आधी अंधाराचं अंग उजेडात घेऊन बघती, काय हाय काय न्हाई, मंगच काळं करायचं का न्हाई ते ठरवती. आता मोबाईलच सगळं करतोय म्हनत्यात, बोट लावलं की गोरं, बोट लावलं की काळं. करू दे. शालनवैनी परवा बाजारात भेटल्या, म्हनाल्या, तुमच्या हाताला यश येऊ दे. म्हनलं, यशाचं काय करू वैनी, दिवसभर कॉम्प्युटरम्होरं बसून डोळं चुरचुरत्यात, डोळं तेवढं टिकू देत. आनि ऐकनाऱ्या मंडळींनो, तुमचंबी टिकू देत, आनि तुमच्या घरातली समदी तोंडं तुमाला रोज बघायला मिळू देत.