बाबांची कॅसेट

हसा हवं तर, पण त्या दिवसापासून मला फोनची भीतीच वाटते.

आमचे बाबा बोटीवर होते, ठाऊक आहे ना? मी आठवी-नववीत असताना ते पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. जयगडच्या घरी टेप लावला, की आई त्यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची.

"जेवलात का सगळे?"

"हो, जेवलो."

आम्ही पोरं खिदळायचो, "आई, त्यांना ऐकू येत नाही गो!"

कॅसेटचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "बोट मुंबईला लागली की तुला न्यायला येतो. तयार राहा."

बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. परवा दुपारी माझ्या लेकीने, सईने, त्या जुन्या कॅसेटींतला आवाज, माणसाच्या आवाजाची नक्कल करून बोलणाऱ्या कुठल्याशा ॲपमध्ये घातला आणि फोन आईपुढे धरला. "आजी, बोल आजोबांशी."

"जेवलात का सगळे?" हुबेहूब बाबा! माझ्या अंगावर काटा आला.

आई सवयीने म्हणाली, "हो, जेवलो. बांगड्याचं तिखलं केलं होतं."

"तिखलं? माझ्या वाटणीचं ठेवलंस ना?"

हे कुठल्याच कॅसेटमध्ये नव्हतं. सईचंही हसू मावळलं. आई मात्र पदर सावरून नीट बसली.

"तुमच्याशिवाय करमत नाही हो मला."

"मग तयार राहा. तुला न्यायला येतो."

मी फोन हिसकावून बंद केला.

आई माझ्यावरच वैतागली, "बंद का केलास? कधी येतायत, ते विचारायचं राहिलं ना!"