सहावं उत्तर

धाकटी : पगाराची स्लिप दे म्हटलं ना, ताई! तीन वेळा मागितली. बँक चारला बंद होते, अडीच इथेच वाजले.

थोरली : आणि मी तीन वेळा सांगितलं, जामीन म्हणून सही करणार नाही. मग स्लिप कशाला हवीय? फ्रेम करून दुकानात लावायला?

बाबा : अगं, हळू. गिऱ्हाईक येतंय-जातंय. एवढी किल्ली कापून होऊ दे, मग भांडा.

थोरली : ऐकू दे गिऱ्हाइकांना.

धाकटी : तुझ्या कर्जाला बाबा जामीन राहिले, म्हणून बँक त्यांना पुन्हा घेत नाही. तुझं काम झालं आणि माझ्या वेळी हात वर? वा! हे बरंय तुझं.

थोरली : तोंड सांभाळ.

धाकटी : नाही सांभाळत. तू शिकलीस मेंदूशास्त्र, तेव्हा घरात कौतुक. मी तोच कोर्स, तेच कॉलेज म्हणतेय, तर तुझ्या पोटात दुखतंय. घरात दोघी झाल्या तर तुझा भाव उतरेल, हेच ना?

बाबा : धाकटे!

धाकटी : का, खोटं आहे? बाबा, तुम्हीच बघा ही वही. दहा लाख कर्ज, दहा वर्षं, हप्ता साडेतेरा हजार. कॉलेजच्या वेबसाइटच्या पानावर लिहिलंय, पास झाल्यावर सरासरी पगार त्रेचाळीस हजार. हप्ता जाऊन साडेएकोणतीस उरतात. मी काही आंधळेपणाने उडी मारत नाहीये.

थोरली : फाड ती वही.

धाकटी : का फाडू? चूक काढून दाखव.

थोरली : मला रोज काय काम असतं माहितीये? लोकांच्या डोक्याला मलम लावायचं, वायरी चिकटवायच्या, बटण दाबायचं, मेंदूच्या आलेखाचा कागद डॉक्टरकडे द्यायचा. मग त्या वायरी धुवायच्या. शेजारच्या टेबलावरची बाई एक वर्षाचा कोर्स करून आलीय. तिला माझ्यापेक्षा बाराशे जास्त मिळतात. माझी पदवी बघून पहिल्या दिवशी म्हणाली, एवढं शिकून इकडे कशी काय वाट चुकलीस?

बाबा : पण तू तर संशोधन करतेस ना?

थोरली : संशोधनाला पुढची पदवी लागते, बाबा. त्याच्यापुढे आणखी एक. तिन्ही वर्षं कोणी बोललं नाही. निकालाच्या दिवशी मॅडम हसत म्हणाल्या, आता खरी सुरुवात! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

धाकटी : मग मीही पुढे शिकेन. मला ते आवडतं, ताई. तूच लावलंस वेड. झोपताना सांगायचीस, हात तुटला तरी माणसाला तो हात दुखतो, कारण डोक्यात तो अजून असतो. मी रात्रभर माझा हात चाचपत बसले होते. तेव्हा नाही म्हणालीस, नको शिकूस म्हणून!

थोरली : आवड खरी आहे गं. तिच्याबद्दल मी कधी खोटं बोलले नाही.

धाकटी : मग कशाबद्दल बोललीस?

थोरली : काही नाही.

बाबा : काही नाही कसं? मघापासून मीही ऐकतोय. तुझा पगार पंचाहत्तर हजार ना? वायरी धुवायला एवढे कोण देतं?

थोरली : बाबा, तुम्ही तुमची किल्ली कापा.

बाबा : सांग.

(मशीन बंद होते.)

थोरली : बघा! अगदी असंच केलं होतंत तुम्ही त्या रविवारी. मी इथेच बसले होते, या स्टुलावर. कॉलेजमधून फोन आला. पास झालेल्या मुलांची पाहणी करतोय, तुमचा पगार सांगा. तुम्ही मशीन बंद केलंत आणि कान टवकारलेत. हातात कानस तशीच. मी काय सांगणार होते?

धाकटी : काय सांगितलंस?

थोरली : पंचाहत्तर.

धाकटी : आणि खरा?

थोरली : त्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, बरं झालं, तुम्ही सहाव्या. बेचाळीस जणांना फोन केले, बाकी कोणी उत्तरच देत नाही.

धाकटी : ताई, खरा किती?

थोरली : एकवीस.

बाबा : एकवीस हजार?

थोरली : साडेतेरा हप्ता. साडेसात उरतात. त्यातून खोलीचं भाडं आणि बस. म्हणून संध्याकाळी औषधांच्या दुकानात बिलं करते. तुम्ही सगळ्यांना सांगता ना, आमची थोरली रात्री नऊपर्यंत प्रयोगशाळेत असते? ती गोळ्यांची पाकिटं मोजत असते.

बाबा : त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत कुणाकडून पैसे घेतले नाहीत. फुकट किल्ल्या वाटल्या वेड्यासारख्या.

थोरली : माहितीये. मी समोरच होते.

बाबा : समोर होतीस आणि गप्प बसलीस! दीड वर्ष! मी चुकीची किल्ली दिली, तर गिऱ्हाईक संध्याकाळी परत येऊन तोंडावर फेकतं. तुझा आकडा कोण परत आणून देणार होतं? मला फसवलंस ते फसवलंस. पण ही पोरगी तोच आकडा वहीत घेऊन कर्ज काढायला निघाली होती!

थोरली : म्हणून तर सही करत नाहीये! कालपासून तेच करतेय ना!

बाबा : सही न करणं म्हणजे बोलणं नव्हे.

धाकटी : थांबा. सहा जण. त्रेचाळीस गुणिले सहा, दोनशे अठ्ठावन्न. त्यातून तुझे चोपन्न कमी. दोनशे चार. भागिले सहा... चौतीस. सरासरी चौतीस होते, ताई. हप्ता जाऊन साडेवीस. तरीही जमतं.

थोरली : बाकीचे पाच खरं बोलले कशावरून? त्यांचे बाप नव्हते शेजारी? आणि जे छत्तीस फोन उचलत नाहीत, ते का उचलत नाहीत असं वाटतं तुला? पगार फार आहे म्हणून लाजतात?

धाकटी : तू असं कसं केलंस गं? मी तीन महिने हे पान उघडून बसलेय. मैत्रिणींना दाखवलं. दोघींनी फॉर्म भरलेत ते बघून. मला वाटायचं, यात माझी ताईही आहे, म्हणजे खरंच असणार.

थोरली : लाज वाटली मला. बस. दुसरं कारण नाही. दहा लाखांची लाज, ती काय अशी फोनवर, यांच्यासमोर सांगायची?

बाबा : मला सांगायची होती. मी काय फाशी दिली असती?

थोरली : नाही. तुम्ही मशीन पुन्हा चालू केलं असतं आणि काहीच बोलला नसतात. तेच नको होतं मला.

धाकटी : मी आज बँकेत जात नाहीये.

थोरली : ऐक, मी तुला पुढे...

धाकटी : तुझ्यासाठी नाही! तुझा मला अजून इतका राग आलाय की बोलायची इच्छा नाही. जाईन की नाही, ते मी नव्याने गणित करून ठरवेन. एकवीस धरून. पण फोन लाव.

थोरली : कोणाला?

धाकटी : कॉलेजला. आकडा बदलायला सांग. अजून कोणी माझ्यासारखी वही घेऊन बसली असेल.

थोरली : एका आकड्याने काय होतंय?

धाकटी : तुझ्या एकाच आकड्याने मी इथवर आले ना? लाव.

थोरली : बाबा, तुम्ही जरा चहा घेऊन या ना कोपऱ्यावरून.

बाबा : नाही.

थोरली : पाचच मिनिटं.

बाबा : मी इथून हलत नाही. लाव तू.

थोरली : हॅलो... हो, मी माजी विद्यार्थिनी बोलतेय. गेल्या वर्षी पाहणीत माझा पगार घेतला होता, तो बदलायचाय... नाही हो, वाढला नाही. तो चुकीचा सांगितला होता मी... एकवीस. एकवीस हजार... हो, महिन्याचाच... नाही, नंतर नको, आत्ताच लिहून घ्या. माझे वडील शेजारी बसलेत.