षटकोनांची गोधडी

वेल्समधल्या कार्मार्थन गावी डोळ्यांच्या दवाखान्यात ईनिड आपला नंबर लागायची वाट पाहत होती. शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांची आई आत तपासणीला गेली होती.

"ताई, आईची षटकोनांची गोधडी तू मशीनवर शिवतेस?"

"मग काय करू, कॅरिस? तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही. आणि माझ्या लेकीचं बाळ पुढच्या महिन्यात येणार."

"पण आईनं जन्मभर हातानंच जोडले गं कापडाचे षटकोन."

"मशीनवरही सोपं नाही हं. प्रत्येक कोपऱ्याच्या जरा अलीकडे थांबायचं, कापड वळवायचं, मगच पुढची बाजू. नाहीतर चुणी पडते."

"तिला दाखवलीस?"

"काल तिच्या मांडीवर ठेवली. बोटं फिरवत बसली. नेमकी मी शिवलेल्या भागावर थांबली आणि म्हणाली, 'बघ, माझा हात अजून किती सरळ चालतो!'"

"मग?"

"म्हटलं, हो आई."

ईनिडच्या हातातल्या मासिकाचं पान उलटायचं राहूनच गेलं.

"किती षटकोन राहिलेत?"

"साठेक."

"निम्मे मला दे. माझंही मशीन नुसतंच पडलंय."

तेवढ्यात नर्सचा हात धरून आई बाहेर आली.

"काय कुजबुजताय गं दोघी?"

कॅरिस लगबगीनं उठली. "काही नाही आई. तुझा टाका अजून किती बारीक पडतो, तेच ताई सांगत होती."