अग्निप्रवणला हार

(बीड. मुलींच्या खासगी वसतिगृहाचं दार. खाली गादीचं दुकान. मालक संगमेशआप्पा, नगरपालिकेच्या कचेरीतून पाहणीला आलेले कारकून बद्रीनाथ आणि नांदूरघाटहून पहिल्या यष्टीनं आलेल्या विजयमालाबाई.)

विजयमाला : च्या ठिवा तिकडं! काल सांजच्याला मीटर पेटलं, जिना धुरानं भरला. माझी मनिषा धरून तीस पोरी खिडकीच्या गजाला नाक लावून उभ्या व्हत्या. अन् तुमी मला च्या पाजता?

संगमेश : ताई, धूर होता, आग नव्हती. अन् आपली बिल्डिंग साधी न्हाई. वर बघा, सरकारी कागद हाय. हार बी ताजा हाय.

विजयमाला : जूनमधी हाच कागद दावून पोरगी ठिवून घेतली तुमी. आज वाचून दावा.

संगमेश : ‘सदर इमारत अग्निप्रवण असल्याचे निदर्शनास येते.’ गोल शिक्का, सही, समदं हाय.

विजयमाला : म्हंजी काय?

संगमेश : ते... साहेबांनीच लिहिलंय. सांगा की, बद्रीनाथ साहेब.

बद्रीनाथ : अग्निप्रवण म्हणजे अग्नीकडे कल असलेली.

विजयमाला : कल? मतमोजणी हाय का ती?

बद्रीनाथ : म्हणजे असं की, अग्नीस सहज बळी पडू शकणारी वास्तू.

विजयमाला : लवकर पेटणारी?

बद्रीनाथ : बोलीत तसं म्हणता येईल.

विजयमाला : अन् तिला हार घातलाय!

संगमेश : मला काय ठावं, ताई? आपल्याकडं तालुका अवर्षणप्रवण ठरला की टँकर येतो, अनुदान येतं. त्यात नाव लागावं म्हणून लोकं मोर्चे काढतेत. मला वाटलं, आपली बिल्डिंग बी प्रवणमधी बसली. पेढे वाटले मी.

बद्रीनाथ : एक मीही खाल्ला.

विजयमाला : खाल्ला, अन् सांगितलं न्हाई?

बद्रीनाथ : ते फार आनंदात होते. शिवाय नोटीस पोचल्याची सही मिळाली होती.

विजयमाला : ‘ही इमारत पेटंल, हितं पोरी ठिवू नका.’ एवढं कावून लिवत न्हाई तुमी? हात मोडतो का?

बद्रीनाथ : तसं लिहिलं तर लोक घाबरतात, बाई.

विजयमाला : मग काय लोकांना गाढ झोप लागावी म्हणून नोटिसा काढता?

बद्रीनाथ : मागे दुसरा जिना आहे. त्याची नोंद केलेली आहे मी.

विजयमाला : हाय की जिना! त्याच्या दाराला हे एवढं कुलूप. पोरी तिथवर पळत गेल्या अन् माघारी फिरल्या. चावी कुठं हाय, आप्पा?

संगमेश : घरी. धारूरला.

विजयमाला : धारूरला! धुराला काय सांगावं, जरा दम धर, आप्पा चावी घेऊन यायलेत?

संगमेश : आता मी बी बोलतो, ताई. कुलूप माझ्या मनानं न्हाई लावलं. पालकांनी लावायला लावलं. पोरी मागून बाहेर जातेत, पोरं आत येतेत, म्हणून. हा त्यांचा अर्ज. तीस सह्या हायत. पहिली वाचू का?

विजयमाला : नका वाचू. माझीच हाय.

बद्रीनाथ : मग जबाबदारी संयुक्त ठरते.

विजयमाला : तुमी गप बसा! आप्पा, दुकानात पहार हाय?

संगमेश : पहार कशाला? मनिषाला घेऊन जा तुमी, मी पैसे माघारी देतो.

विजयमाला : अन् बाकीच्या एकोणतीस? त्यांच्या आयांनी माझी सही बघून सह्या केल्या. पहार द्या. अन् खालचा कापूस दिवस मावळायच्या आत हलवा.

संगमेश : उद्या पोरं घुसली तर?

विजयमाला : तर पोरी वरडतील. वरडायला जित्या तर असतील.

बद्रीनाथ : बाई, कुलूप तोडलंत तर मला तशी नोंद करावी लागेल.

विजयमाला : करा. पण मला वाचून कळंल अशी करा.

बद्रीनाथ : काय लिहू?

विजयमाला : लिवा, दार बंद करा म्हणून विजयमालानं सही दिलती. तिनंच ते उघडलं. अन् सांगा, आता सही कुठं करू?