बिरदेवच्या अल्बममधली हाळी

पालमच्या स्टँडवर बसची वाट बघत बसलेल्या पद्मजाचा कान शेजारच्या दोघी बायकांकडं लागला.

"कासाकाकू, तुमच्या बिरदेवचा अल्बम निघाला म्हणं."

"निघाला. गाणी त्यानंच जोडली, त्यानंच म्हणली."

"ऐकली का तुमी?"

"बाकीची रोज ऐकते. शेवटचं एकदाच ऐकलं."

"का वं?"

"त्यात ह्यांची हाळी हाय, मेंढरांला घातलेली. हे होते तवाच पोरानं रेकॉर्ड करून ठिवली."

"मंग तर रोज ऐकावं की."

"मेंढरांच्या वाडग्याजवळ लावलं होतं. हाळी आली आन् बसलेली मेंढरं उठून दाराशी आली. गाणं सरलं, तरी एक मेंढरू मागं फिरंना."

"मंग?"

"मंग काय. मीबी तिथंच हुबी."